फोर्क अडला की या चुका टाळा: सिगविन, वाइन आणि डीएलएलच्या पत्त्यांची मारामारी

सिगविनमध्ये (विंडोजवर लिनक्ससारखे प्रोग्राम चालवण्याची सोय) बिल्ड लावलं, म्हणजे सोर्स कोडमधून प्रोग्राम तयार करायला घेतला, निम्म्या फाइली कंपाइल झाल्या आणि मध्येच टर्मिनलवर आलं: 'फोर्क: रिट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'. पुन्हा चालवलं तर भलत्याच ठिकाणी थांबतं, तिसऱ्यांदा बिनबोभाट पार पडतं. हा एरर वाचून रॅम कमी पडतेय असं समजणं ही पहिली चूक. मी तर रॅम वाढवूनही पाहिली होती. एरर जागच्या जागी. जागा भरपूर होती, पण मेमरीच्या पत्त्यांत एका डीएलएलला (प्रोग्राम चालताना वापरतो त्या सामायिक कोडच्या फाइलीला) हवी असलेली नेमकी जागा दुसऱ्याने धरलेली होती.

फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची (पॅरेंटची) हुबेहूब प्रत (चाइल्ड) काढणं. विंडोजच्या नेहमीच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामना मिळणाऱ्या सेवांमध्ये) फोर्क नाही, सिगविन त्याचं सोंग वठवतं. नवी प्रोसेस उभी करायची आणि पॅरेंटचा डेटा तिच्यात उतरवायचा. त्या डेटात फंक्शनचे पॉइंटर असतात, म्हणून पॅरेंटमध्ये जी डीएलएल ज्या पत्त्यावर होती, चाइल्डमध्येही ती तिथेच बसली पाहिजे. पत्ता अडलेला असेल तर विंडोज तिला गुपचूप दुसरीकडे हलवतं. साध्या प्रोग्रामचं त्याने काही बिघडत नाही. फोर्क मात्र तिथेच मरतो.

उपाय बहुतेकांना ठाऊक असतो: रिबेसऑल, म्हणजे प्रत्येक डीएलएलला स्वतंत्र पत्ता नेमून देणं. पण ते बॅश (सिगविनची नेहमीची कमांड शेल) उघडी ठेवूनच चालवलं जातं. ज्या डीएलएल बदलायच्या त्या बॅशनेच धरून ठेवलेल्या असतात! सगळ्या टर्मिनल बंद करा, एसएसएच (दूरवरून लॉगिनची) किंवा क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणारी) सर्व्हिस चालू असेल तर तीही थांबवा, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून डॅश ही साधी शेल उघडून तिच्यात रिबेसऑल चालवा. मी एकदा क्रॉन विसरलो होतो, तेवढ्यावरच घोडं अडलं.

एवढं करूनही एरर येत असेल तर तुम्ही स्वतः कंपाइल केलेल्या डीएलएलकडे वळा. पायथन किंवा पर्लचं मॉड्यूल पॅकेजमधून न घेता हाताने बसवलं असेल, तर रिबेसऑलच्या यादीत ते नसतं. अशा फाइलींची यादी वेगळी करून कमांडला द्यावी लागते. कोण कुणावर चढलंय ते 'रिबेस'च्या माहिती देणाऱ्या पर्यायाने दिसतं: पत्त्यांच्या क्रमाने लागलेल्या फाइली, आणि टक्कर असेल त्या ओळीच्या शेवटी एक तारका. ही यादी न बघता पुन्हा पुन्हा रिबेस करत बसणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

अँटिव्हायरसला लोक फार उशिरा धरतात. काही अँटिव्हायरस प्रत्येक प्रोसेसमध्ये आपली डीएलएल घुसवतात आणि ती नेमकी आपल्या पत्त्यावर जाऊन बसू शकते. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सगळ्याच प्रोग्रामना रँडम पत्ते सक्तीचे केले असतील, तर रिबेसची सगळी मेहनत पाण्यात. ती सक्ती संपूर्ण मशीनसाठी काढू नका. सिगविनच्या एक्झींपुरता (प्रोग्रामच्या फाइलींपुरता) अपवाद करा.

६४ बिटमध्ये ही गर्दी बरीच ओसरते. ३२ बिटमध्ये प्रोसेसला साधारण २ जीबी पत्ते मिळतात आणि मायक्रोसॉफ्टचा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम), वेगळं काही सांगितलं नाही तर, ३२ बिटच्या प्रत्येक डीएलएलला हेक्स (सोळाच्या अंकपद्धतीतला) १००००००० हाच पत्ता देतो. टक्कर व्हायचीच. सिगविनने ३२ बिटचा आधार २०२२ मध्ये काढून घेतला. जुनी आवृत्ती अजून वापरत असाल तर आधी ती बदला.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये भांडण उलट्या बाजूने येतं. रिलोकेशनची (दुसऱ्या पत्त्यावर हलवण्यासाठी लागणारी) माहिती काढून टाकलेली जुनी एक्झी हेक्स ४००००० वरच बसणार, हलणार नाही. म्हणून वाइनचा प्रीलोडर (सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) लिनक्सच्या लायब्ररी यायच्या आधीच असे पत्ते राखून ठेवतो. प्रीलोडर वगळून वाइन चालवलंत तर हे संरक्षण गेलं. जुन्या १६ बिट प्रोग्रामसाठी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सर्वांत खालच्या पत्त्याची मर्यादा, जी बहुतेक ठिकाणी ६५५३६ असते, ती कायमची शून्य करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. करू नका. कर्नलमधल्या नल पॉइंटरच्या (शून्य पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरच्या) चुकांचा गैरफायदा घेता येऊ नये म्हणून ती आहे. अगदीच गरज पडली तर प्रोग्राम चालेपर्यंत बदला आणि लगेच पूर्ववत करा.