शाळेच्या अंकात काय छापायचे, हे कोणी आणि कसे ठरवायचे

एखाद्या लेखावरून वाद पेटल्यावर नियम शोधायला गेले की ज्याच्या हाती अधिकार, त्याचेच म्हणणे चालते. म्हणून शाळेच्या अंकाचे धोरण वर्षाच्या सुरुवातीलाच, पहिला मजकूर हाती येण्याआधी लिहून काढा. एक पान पुरते. अंतिम निर्णय कोणाचा, छापण्याआधी कोण वाचणार, कोणत्या कारणांसाठी मजकूर थांबवता येईल आणि निर्णय पटला नाही तर दाद कोणाकडे मागायची, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे त्यात हवीत. खाली विद्यार्थी संपादक, मार्गदर्शक शिक्षक आणि मुख्याध्यापक अशा तिघांच्या सह्या घ्या आणि वर्षाच्या पहिल्या अंकात ते पान जसेच्या तसे छापा. वाचकांनाही नियम माहीत असले की तक्रारी नेमक्या येतात.

अंतिम निर्णय विद्यार्थी संपादक मंडळाकडे असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेवटचा हात शिक्षकच फिरवणार हे कळले की मुले आकडे तपासणे सोडून देतात. ‘सर बघतील’ हे वाक्य संपादकांच्या खोलीत ऐकू येऊ लागले की समजावे, जबाबदारी हातातून निसटली. निर्णय ज्याचा, उत्तर देण्याचे कामही त्याचेच, हे मुलांना एकदा पटले की ती मोठ्यांपेक्षा कडक तपासणी करतात. पण अंकाची प्रकाशक शाळा असते आणि कायद्याच्या कचाट्यात तीच सापडू शकते, हेही खरे. म्हणून मजकूर थांबवण्याचा अधिकार शाळेकडे राहू द्या, मात्र मोजक्याच कारणांसाठी: खोटे आणि बदनामी करणारे विधान, खाजगीपणाचा भंग, विशेषतः अल्पवयीन मुलाची ओळख उघड होणे, कोणाला धमकी किंवा कोणाचा छळ, दुसऱ्याचा मजकूर वा चित्र परवानगीशिवाय उचलणे, आणि शाळेचे कामकाज प्रत्यक्ष विस्कळीत होईल अशी चिथावणी.

‘शाळेची प्रतिमा मलिन होईल’, ‘सूर नकारात्मक आहे’, ‘हा विषय मुलांच्या वयाला शोभत नाही’ ही कारणे या यादीत येऊ देऊ नका. बदनामी झाली की नाही, हे विधान आणि पुरावा शेजारी ठेवून तपासता येते. प्रतिमा मलिन झाली की नाही, हे तपासायला कसलेच माप नाही. असा शब्द धोरणात शिरला की बाकीच्या सगळ्या कलमांना अर्थ उरत नाही.

वाचणे आणि थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्याध्यापकांनी अंक आधी वाचायला हरकत नाही. वाचून बदल सुचवायलाही नाही. अडचण होते ती वेळापत्रकात. अंक छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी प्रुफे (तपासणीसाठी काढलेल्या प्रती) टेबलावर पोचली, तर त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात: सगळे जाऊ द्या, नाहीतर पानच काढा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलमध्ये मे 1983 मध्ये असेच काहीसे झाले. विद्यार्थी वृत्तपत्रात किशोरवयीन गर्भारपण आणि पालकांचा घटस्फोट या विषयांवर लेख होते. नावे बदललेली असली तरी गरोदर मुली ओळखू येतील, आणि घटस्फोटाच्या लेखात ज्या पालकावर टीका आहे त्याला बाजू मांडायची संधी दिलेली नाही, यांसह काही आक्षेप मुख्याध्यापकांनी घेतले. वर्ष संपत आलेले, दुरुस्तीला वेळ नाही असे वाटून त्यांनी दोन अख्खी पाने काढायला लावली. ज्या लेखांवर आक्षेप नव्हता तेही त्यांबरोबर गेले. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी 1969 च्या टिंकर खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की विद्यार्थी आपले अभिव्यक्तीचे हक्क शाळेच्या दाराशी सोडून येत नाहीत. हेझलवूडच्या निकालाने ते संरक्षण शाळेच्या उपक्रमातून निघणाऱ्या वृत्तपत्रापुरते बरेच पातळ झाले. तो निकाल आम्हाला पटत नाही. पण वर दिलेले दोन्ही आक्षेप चांगल्या संपादकाने मजकूर हाती येताच स्वतःच घेतले असते, हे मान्य करायला हवे. ओळख नीट झाकली असती आणि पालकाला एक फोन केला असता, तर या दोन बाबतींत भांडायला मुद्दाच उरला नसता.

म्हणून धोरणात मुदत घाला. मांडणी झालेली पाने छपाईच्या किमान पाच शालेय दिवस आधी वाचायला द्यायची. आक्षेप दोन दिवसांत, लेखी, नेमक्या वाक्यावर बोट ठेवून आणि यादीतले कारण नोंदवून यायला हवा. तोंडी नाराजी आक्षेपात धरायची नाही. उरलेले तीन दिवस दुरुस्तीसाठी. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर मजकूर मंजूर समजायचा. आक्षेप एका वाक्यावर असेल तर बदल त्या वाक्यात. पूर्ण लेख किंवा पान काढायचे नाही. आणि लेख थांबलाच, तर त्या जागी ‘येथील मजकूर अमुक कारणाने थांबवला आहे’ अशी दोन ओळींची चौकट द्यायची मुभा संपादकांना असावी.

आता टीकेची बातमी कशी बांधायची ते पाहू. समजा, शाळेच्या स्वच्छतागृहांत पाणी नसते, यावर मुलांना लिहायचे आहे. पहिल्या मसुद्यात हमखास येणारे वाक्य असे: ‘सगळ्या मुलींचे हाल होतात आणि प्रशासनाला त्याची पर्वा नाही.’ यातले ‘सगळ्या’ सिद्ध होत नाही आणि ‘पर्वा नाही’ हा दुसऱ्याच्या मनावर केलेला आरोप आहे. त्याऐवजी मुलांना पाच दिवस, रोज एकाच वेळी, मधल्या सुट्टीत नळ तपासायला लावा आणि वहीत तारीख, वेळ, मजला, किती नळ चालू होते, हे टिपून ठेवायला सांगा. मग वाक्य असे होते: ‘सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या चारपैकी तीन नळांना मधल्या सुट्टीत पाणी नव्हते.’ हे वाक्य मघाच्यापेक्षा जास्त बोचते आणि खोटे कोणी म्हणू शकत नाही.

ज्याच्यावर ठपका येतो त्याला आधी विचारायचे, हा नियम कोणत्याही बातमीला सुटत नाही. प्रश्न लेखी पाठवा, त्यात आरोप नेमका लिहा (‘पाण्याविषयी काय म्हणाल’ असे मोघम नको), आणि उत्तराला दोन दिवस द्या. उत्तर आले तर ते बातमीत वरच्या भागात घ्या, शेवटच्या ओळीत कोंबू नका. आले नाही तर ‘अमुक तारखेला विचारणा केली, उत्तर मिळालेले नाही’ एवढेच लिहा. ‘उत्तर द्यायचे टाळले’ असे लिहू नका.

छापण्याआधी एका विद्यार्थ्याने, जो त्या बातमीचा लेखक नाही, प्रूफवर पेन्सिलीने प्रत्येक नाव, आकडा, तारीख आणि अवतरण यांखाली रेघ मारावी आणि समासात पुरावा कुठे आहे ते लिहावे: वहीचे पान, ध्वनिमुद्रण, पत्र. ज्या रेघेपुढे समास रिकामा, ते वाक्य बाहेर. मथळा आणि छायाचित्राखालची ओळ सगळ्यात शेवटी, घाईत लिहिली जाते आणि चुका तिथेच राहतात. त्यांची तपासणी वेगळी करा. टिपणे आणि ध्वनिमुद्रणे वर्षभर जपून ठेवा.

सगळ्यात नाजूक भाग मुलांच्या ओळखीचा. नाव बदलले म्हणजे ओळख झाकली, असे समजणे ही नेहमीची चूक आहे. ‘नववीत शिकणारी, बास्केटबॉल संघाची कर्णधार’ एवढ्यावर शाळेत कोणालाही माणूस सापडतो. कसोटी अशी: तो मजकूर त्याच वर्गातल्या एखाद्याला वाचायला द्यायचा धोका न घेता, स्वतःच तपशील एकेक करून झाका आणि उरलेल्यातून त्या मुलाचा शेजारी बाकावरचा मित्र ओळखेल का, ते पाहा. ओळखेल असे वाटले, तर आणखी तपशील काढा किंवा तो अनुभव छापू नका. आजार, घरातली भांडणे, शिक्षा, छळ अशा विषयांत मुलाची आणि पालकाची, दोघांची लेखी संमती घ्या. मात्र पालकाविरुद्धच मूल काही सांगत असेल, तर हे काम अंकाचे नाही. शिक्षकाने ते आधी समुपदेशकाकडे आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे न्यावे. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख छापणे अनेक देशांत गुन्हा आहे, आणि तिथे संमतीपत्राची ढाल उपयोगी पडेलच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत कलम 13 मुलांना अभिव्यक्तीचा हक्क देते आणि कलम 16 त्यांच्या खाजगीपणाचे रक्षण करते. अंक चालवणाऱ्याला दोन्ही कलमे एकाच बातमीत सांभाळावी लागतात.

मतलेख आणि व्यंगचित्रे यांना थोडी सैल दोरी द्या. मत कितीही कडवट असले तरी चालेल. ज्या वस्तुस्थितीवर ते उभे आहे ती खरी हवी. व्यंगचित्राचा रोख निर्णयावर असावा. कोणाच्या शरीरावर, जातीवर, धर्मावर किंवा घरच्या परिस्थितीवर असेल तर ते परत करा.

मार्गदर्शक शिक्षकाने लाल पेन बाजूला ठेवून समासात प्रश्न लिहावेत: ‘हे तुला कोणी सांगितले?’, ‘त्यांना स्वतःला माहीत होते की ऐकीव?’, ‘यांची बाजू कुठे आहे?’ वाक्य स्वतः बदलून देण्यापेक्षा यात वेळ जास्त जातो, पण तो द्यावाच लागतो. मुलांनी टीका केली म्हणून वरून दबाव आला, तर त्या शिक्षकाला एकटे पडू न देणारी ओळही धोरणात असू द्या: नियम पाळून छापलेल्या मजकुराबद्दल शिक्षकावर कारवाई होणार नाही.

चूक झालीच तर पुढच्याच अंकात, ठरलेल्या पानावर, ठरलेल्या जागी दुरुस्ती द्या: काय छापले होते, बरोबर काय, कोणत्या अंकात. ‘अनवधानाने’ वगैरे पालुपद नको. अंक संकेतस्थळावरही जात असेल तर मूळ लेख गुपचूप बदलू नका. दुरुस्तीची तारीख लेखाखाली टाका. काही वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी ‘माझे नाव काढा’ म्हणून लिहील. मजकूर खरा असला तरी त्या वेळी तो अल्पवयीन होता, हे लक्षात घेऊन संपादक मंडळाने नाव काढून फक्त आद्याक्षर ठेवावे आणि विनंतीला काय उत्तर दिले, ते नोंदवहीत लिहून ठेवावे.