रोहिणीतच पंपाचे तेल पाहून घ्या : मुंबई परिसरातील भाजीपाला व रोपवाटिका उत्पादकांसाठी सल्ला

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून धरली जाते. परंतु 2025 साली तो 26 मे रोजीच येऊन धडकला, आणि त्या दिवशी मी ज्या ज्या मळ्यावर गेलो तेथे पाणी उपसायचा पंप अजून गोणपाटाखालीच पडलेला होता. म्हणून पंपाच्या तेलाची तपासणी मृगावर न ढकलता रोहिणी नक्षत्रातच, किंबहुना याच आठवड्यात उरकावे, अशी कळकळीची विनंती आहे.

गोराई-मनोरीची खाचरे असोत, आरेतील पाड्यांवरचा भाजीपाला असो किंवा शहरातील रोपवाटिका असोत, पीक गेले की दोष पावसाला दिला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक नुकसानीत मात्र पंप जागेवर होता, वीजही होती. केवळ पंपाच्या सीलच्या कप्प्यातले तेल वर्षभरात कोणी उघडून पाहिलेले नव्हते. मनोरीच्या एका मळ्यात भर पावसात लावलेला मड पंप (गाळमिश्रित पाणी उपसणारा, पाण्यात बुडवून चालवायचा पंप) अर्ध्या तासात बंद पडला. तेलाचे बूच उघडले तेव्हा ताकासारखे पांढुरके पाणी बाहेर आले. पालकाच्या वाफ्यांत पाणी दोन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी उपटलेल्या रोपाचे मूळ चिमटीत धरताच त्याची साल सुटून आली आणि हातात नुसता दोरा उरला.

हे कसे घडते ते समजून घ्यावे. मड पंपात मोटर वर आणि पंखा खाली असतो. त्या दोहोंच्या मध्ये दोन मेकॅनिकल सील (पाणी आत शिरू न देणाऱ्या चकत्या) आणि त्यांच्या दरम्यान तेलाचा कप्पा असतो. गाळ आणि रेती यांमुळे आधी खालचे सील झिजते आणि पाणी तेलात शिरून तेल दुधी होते, पण वरचे सील शाबूत असेपर्यंत मोटर सुरक्षित राहते. म्हणजे दुधी तेल ही वेळेवर मिळालेली सूचना असते. ती पाहिली तर सील आणि तेल एवढाच खर्च येतो. न पाहिल्यास वाइंडिंग (मोटरमधील तारांचे वेटोळे) जळते, आणि तेही पाणी तुंबलेल्या दिवशीच.

तपासणीसाठी वीज तोडून, वायर बोर्डापासून पूर्ण सोडवून पंप आडवा ठेवावा. आत दाब असू शकतो, म्हणून बूच वरच्या बाजूस ठेवून सावकाश सैल करावे आणि मग थोडे तेल काचेच्या बाटलीत काढावे. तेल स्वच्छ दिसत असूनही शंका वाटत असेल, तर जुना लोखंडी पळा तापवून, चेहरा दूर ठेवून, त्यावर दोन थेंब टाकावेत. चरचर आवाज आला तर पाणी आहे असे समजावे. ही परीक्षा मी गॅरेजात शिकलो आणि तिने मला अद्याप फसवलेले नाही. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच भरावे. मात्र तेल तापून फुगते, म्हणून कप्पा काठोकाठ भरू नये.

दुकानदार अशा वेळी वाइंडिंग बदलण्याचा किंवा थेट नवा पंप घेण्याचा आग्रह धरतात. त्यांच्यासमोरच 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) मोटर तपासून घ्यावी. कोरड्या मोटरचे इन्सुलेशन 1 मेगओहमपेक्षा पुष्कळ वर असेल तर वाइंडिंगला हात लावू देऊ नये. सील आणि ओ-रिंग बदलून काम भागते. तेलात मिसळायच्या महागड्या बाटल्यांनी झिजलेले सील बरे होत नाही.

ज्यांच्या गटाकडे हायड्रॉलिक सबमर्सिबल पंप आहे, त्यांच्या पाण्यात वीज उतरत नाही, ही मोठी सोय आहे. दुर्लक्ष मात्र तेच होते. येथे डिझेल इंजिनावरील पॉवर पॅक होजमधून तेल दाबाने पाठवतो आणि त्या तेलावर पाण्यातील पंप फिरतो. टाकीतले तेल दुधी झाले, तर पंपाच्या बाजूचे सील किंवा होजच्या जोडण्या तपासाव्यात आणि तेल बदलावे. जोडण्यांची टोपणे न लावता होज चिखलात टाकण्याची सवय फार घातक आहे, कारण रेतीचा एक कण आत गेला तरी हायड्रॉलिक मोटरवर ओरखडे पडतात. होजची गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत घुसते आणि बोट गमावण्याची वेळ येते.

इतर नेहमीची कामे :
- जाळी व पंखा धुणे
- वायरची साल व जोड पाहणे
- अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) तपासणे
- उचलण्यासाठी स्वतंत्र दोर बांधणे. वायरने उचलू नये
- होज पाइपच्या क्लिपा आवळणे
- हायड्रॉलिक पंपाचा रिटर्न फिल्टर बदलणे

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईची मोठी भरती साधारणपणे दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. त्या वेळी खारबांधाची (खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडायचे झडपेचे दार, बंद असते आणि पावसाचे पाणी आतच अडकते. पंपाची खरी गरज त्या दोन-तीन तासांत असते. ओहोटी लागल्यावर उघाडीतून पाणी आपोआप निघते, म्हणून तेव्हा पंपाला विश्रांती द्यावी. पाणी ओसरल्यावर मिरची-वांग्याच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 25 ग्रॅम प्रति 10 लिटर पाणी या प्रमाणात आळवणी करावी. माझ्या अनुभवात, पायाचा ठसा पाण्याने भरणे थांबल्याशिवाय ही आळवणी लागू पडत नाही.

दुरुस्तीनंतर पंप पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवून एक तास चालवावा, दुसऱ्या दिवशी बूच पुन्हा उघडून तेल पाहावे, आणि ते स्वच्छ असेल तरच पंप मळ्यावर न्यावा.