खटल्यात मध्येच कलम बदललं आणि शिक्षा लागली? अपील करताना या चुका टाळा

'मध्येच कलम बदललं ना, मग केस उडणारच!' ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर हे छातीठोकपणे सांगणारे भरपूर भेटतात. केस अशी उडत नाही. निकाल लागेपर्यंत दोषारोप, म्हणजे आरोपीवर कोणत्या कलमाखाली खटला चालतो ते, बदलायचा अधिकार कोर्टाला आहेच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २१६, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं २३९. अपिलात विचारतात ते एवढंच, की त्या बदलाने तुमच्या बचावाचं नेमकं काय बिघडलं?

समजा, बेलापूरला मॅजिस्ट्रेटपुढे जुन्या दंड संहितेच्या ३२४ खाली (घातक हत्याराने दुखापत) खटला सुरू झाला. डॉक्टर साक्ष देऊन गेले. हाड मोडलं की नाही याने ३२४ ला फरक पडत नाही, म्हणून एक्स-रेवर कुणी प्रश्नच विचारला नाही. पुढे दोषारोप ३२६ (घातक हत्याराने जबर दुखापत) झाला, आणि आता सगळं त्या हाडावर आलं. अशा वेळी डॉक्टरांना परत बोलावून उलटतपास घेता येतो (कलम २१७, आता २४०). पण तारखा वाचवायच्या म्हणून 'साक्षीदार पुन्हा बोलवायचे नाहीत' अशी पुरशीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन लोक मोकळे होतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. हरकत आधीच घेता आली असती का, हे अपील कोर्टाला बघावंच लागतं, आणि तुमच्या सहीची पुरशीस समोर असते. याउलट साक्षीदार परत बोलवायचा अर्ज देऊन तो फेटाळला गेला असेल, तर त्यावरचा आदेश अपिलात सर्वात पुढे ठेवा.

नुसत्या निकालपत्रावरून अपील लिहू नका, रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढा. बदललेला दोषारोप आरोपीला वाचून समजावला का? जुन्या कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे कोर्ट आरोपीला पुराव्याबद्दल विचारतं त्यात, एक्स-रेबद्दल विचारलं का?

आरोप ३२६ चा आणि शिक्षा ३२४ ची असेल, तर मात्र या मुद्द्यात फार दम नाही. त्याच प्रकारच्या हलक्या गुन्ह्यात वेगळ्या दोषारोपाशिवायही शिक्षा देता येते. आणि मुद्दा पटला तरी सुटकाच होईल असं नाही, खटला नव्याने चालवायचा आदेशही होऊ शकतो. पक्षकाराला हे आधीच सांगावं.

मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाच्या निकालावर, फाशी नसेल तर, उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करायचं असतं. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, तरी नकलेचा अर्ज निकालादिवशीच टाका. नुसत्या अपिलाने शिक्षा थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणाऱ्या कोर्टाकडेच तो लगेच देता येतो. माणूस आत गेलाच असेल, तर अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही देता येतं, आणि विधी सेवा प्राधिकरण त्याला उत्पन्न न विचारता वकील देतं.