बाळंतिणीचं मन तपासताना या चुका टाळा

सासूसमोर ‘बरं वाटतंय का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काय न्हाय, बरी हाय.’ कोल्हापूरच्या गावागावांत आशाताई बाळ बघायला जातात, तेव्हा पहिली चूक इथेच होते. बाळाचं वजन, ताप, अंगावरचं दूध सगळ्यांदेखत चालतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली चालत नाही. ‘आई, जरा चहा ठेवता का?’ म्हणा आणि तेवढ्यात विचारा. नवराही बाहेर हवा.

गुण मोजताना तर हमखास गफलत होते. प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ३ गुण, विचारायचं फक्त गेल्या ७ दिवसांबद्दल. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात सर्वांत वरच्या उत्तराला ०, बाकी सातांत सर्वांत वरच्याला ३. सगळे एकाच दिशेनं मोजले की खचलेली बाई कागदावर ठणठणीत दिसते. बेरीज १३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवा. १० ते १२ असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. बेरीज म्हणजे निदान नव्हे. थकवा रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉईडमुळेही असू शकतो, तेही तपासायला सांगा.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. संकोचानं तो गाळला जातो, आणि हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. एकूण बेरीज ५ असली तरी इथे ० सोडून काहीही आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, तिला एकटं ठेवू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. न ओसरलं तर ‘बाळंतपणात चालायचंच’ म्हणू नका. आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे: बाळंतपण माहेरी गडहिंग्लजला, मग सासरी कागलला. माहेरच्या आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या भेटी ४२व्या दिवशी संपतात, सासरच्या आशाताईंना ही बाई ठाऊकच नसते. नैराश्य मात्र वर्षभरात कधीही येतं. त्यामुळे दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या लसीला आईचीही विचारपूस करा.

कानात आवाज येतात, डोळ्याला डोळा लागत नाही, बाळाबद्दल भलतंसलतं बोलते, असं असेल तर देवऋषी नको, प्रश्नावलीही नको. लगेच कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. इतर वेळी बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत असतो.