जुन्या गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये येताय? आधी पुट्टीचं ऐका

या कामात येणाऱ्या मुलांचं लक्ष पहिल्या दिवसापासून बफिंग मशीनवर असतं. साहजिक आहे, चमक तिथेच दिसते. पण जुन्या गाडीचा रंग वरून बिघडतो त्यापेक्षा जास्त वेळा खालून, पत्र्यापासून सुटतो. म्हणून पेंटरकडे जाण्याआधी काही महिने डेंटरच्या हाताखाली काढा. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा नीट बसवता आला की पुट्टी, म्हणजे खड्डे भरून पत्रा सपाट करायचा लेप, कमी लागते. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर द्यावा लागत असेल, तर पत्र्याचं काम अजून झालेलं नाही.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळलं ती: पुट्टी पाण्याने घासणं.

मुंबईत अनेक गॅरेजांत पुट्टी पाणी मारूनच घासतात. कारणं खरी आहेत. जागा चिंचोळी, धूळ शेजारच्या दुकानात जाते, कोरडा पॉलिश पेपर लगेच भरतो आणि त्याला पैसे पडतात. मलाही असंच शिकवलं गेलं. पण गाडीच्या पॉलिस्टर पुट्टीत टाल्कची पूड असते आणि ती पुट्टी पाणी पिते. फडक्याने पुसलं, हवा मारली, हाताला कोरडं लागलं, तरी आत ओल राहते. जुलैच्या दमट हवेत ती निघून जायला वावच नसतो. त्यावर प्रायमर आणि रंग चढला की ओल कोंडली. मग उन्हात बॉनेट तापतं, ओलीची वाफ होते, रंगाला फोड येतात, आणि त्याच ओलीने पुट्टीखालचा उघडा पत्रा गंजायला लागतो. गाडी ताब्यात देताना यातलं काहीही दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. दिवाळीला चकचकीत होऊन गेलेली गाडी पुढच्या पावसाळ्यात फोड घेऊन परत येते आणि मालक म्हणतो, रंग हलका वापरलास. रंग चांगलाच असतो. तरी सगळं पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा करावं लागतं, तेही पदरचे पैसे घालून. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

उपाय अवघड नाही, धीराचा आहे. गंज पूर्ण काढा. त्यासाठी ॲसिड लावलं असेल तर ते संपूर्ण धुऊन पत्रा खडखडीत वाळवा, कारण ॲसिडच्या अंशावर पुट्टी धरत नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, तो सुकल्यावर घासून खरखरीत करायचा आणि मग पुट्टी. पुट्टी घासायची ती कोरडीच, ब्लॉक लावून: ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. तोंडाला मास्क, शेजाऱ्यासाठी पडदा. वरचा टू-के सरफेसर (हार्डनर मिसळून मारायचा, पुट्टीवरचा प्रायमर) पूर्ण सुकला की मग खुशाल ६००-८०० ने पाणी मारून घासा, तोवर पुट्टीकडे जाणारी वाट बंद झालेली असते. घासता घासता कडेला पुट्टी उघडी पडली तर तिथेच थांबा, वाळवा, पुन्हा प्रायमर मारा.

उस्ताद म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षं पाण्यानेच करतोय. वयाचा मान ठेवा, पण दोन पावसाळे काढलेली त्यांची एखादी गाडी बघायला मागा. अशी गाडी दाखवणारा उस्ताद कमी पगार देत असला तरी त्याच्याकडे थांबा. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओंवर माझा काडीचा विश्वास नाही; त्यात दुसरा पावसाळा कधीच येत नाही. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंगचे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, जमलं तर जरूर करा. हात बसायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो. पहिल्या पॅनेलवर लाटा दिसल्या म्हणून खचू नका.

एका बाबतीत मात्र धीरबीर काही नाही. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. कापडी मास्क ते अडवत नाही, आणि त्याने जडलेला दमा जन्मभर राहू शकतो. बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क नसेल तर फवारणी करू नका, नोकरी गेली तरी चालेल.

पॉलिशचं थोडक्यात सांगतो. जुन्या सिंगल-स्टेज रंगावर, म्हणजे वर वेगळा पारदर्शक थर नसलेल्या रंगावर, पॅडला रंग लागतो, तो लागायचाच. क्लिअर कोटच्या, म्हणजे वर पारदर्शक थर असलेल्या गाडीवर लागला तर थांबा, क्लिअर संपला. कडांवर थर पातळ असतो, तिथे टेप लावा. बंपरवरचा क्रोम तर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खालच्या निकेलमुळे तो भरीव दिसतो. त्यावर कंपाउंड आणि मशीन चालवू नका. गंजाचे हलके ठिपके ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने निघतात. सोललेला क्रोम प्लेटिंगवाल्याकडेच जातो. चोरबाजारात दुसरी मिळेल म्हणून मूळ स्टेनलेसची पट्टी फेकू नका. वाकलेली पट्टीसुद्धा ठोकून, घासून पुन्हा उभी राहते.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी आता टॅक्सी म्हणून मुंबईत धावत नाही, पण घरी जपलेल्या पद्मिनी कामाला येतात. अशी गाडी आली की आधी आरसी बघा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला चालत नाही. म्हणून पत्रा कापण्याआधी मालकाशी बोला. आणि डॅशखाली किंवा डिकीच्या आत मूळ रंगाचा हातभर भाग न घासता राखून ठेवा, छटा जुळवायला तोच लागतो.