पंखांवर कापड चढवताना

घरी बांधलेल्या विमानाच्या पंखांवर कापड चढवायचं म्हटलं की नवशिक्याला धास्ती वाटते ती शिवणकामाची. सुई-दोरा कधी हातात धरलेला नसतो आणि प्रत्येक रिबवर, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीवर, ओळीने गाठी मारायच्या असतात. माझा अनुभव असा, की गाठी थोड्या सरावाने हातात बसतात. वेळ द्यावा लागतो तो इस्त्रीच्या तापमानाला आणि कामाच्या क्रमाला. त्यामुळे पहिलं कापड पंखावर चढवू नका, रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, चढवा. चिकटवणं, ताणणं, टाके, टेप, रंग हे सगळं त्या छोट्या भागावर एकदा होऊन जातं आणि बिघडलं तर उतरवून पुन्हा करता येतं.

पंख झाकण्याआधी तो उघडा असताना शेवटचं नीट पाहून घ्या. प्रत्येक नट सुरक्षित केला आहे का, आतल्या ताणतारा घट्ट आहेत का, दिव्यांच्या वायरी आणि पिटो ट्यूबची (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीची) जोडनळी ओवली आहे का. दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या आणि भरपूर फोटो काढून ठेवा. पुढे कुठल्या तरी दुरुस्तीच्या वेळी तेच उपयोगी पडतात. लोखंडी नळ्यांवर इपॉक्सी प्रायमर आणि लाकडावर इपॉक्सी व्हार्निशच हवं. गोंदातली आणि लेपातली द्रावणं साधं व्हार्निश उचलून काढतात, मग कापड सैल थरावर चिकटलेलं राहतं. रिबांच्या टोकदार कडा आणि स्क्रूंची डोकी कापडाला घासू नयेत म्हणून त्यांवर टेप लावतात. बारीक रिबा कापडाच्या ताणाने वाकतात, म्हणून त्यांना एकमेकींशी टेपने आडवं बांधून घ्यायचं.

पूर्वी सुती किंवा लिननचं कापड असे आणि ते डोपच्या, म्हणजे वाळताना कापड आकसवणाऱ्या रोगणाच्या, लेपाने ताणलं जाई. आता पॉलिएस्टर वापरतात, ते उष्णतेने आकसतं. म्हणजे ताण देणारं हत्यार इस्त्री. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर अजिबात विसंबू नका. तळाला थर्मामीटर लावून सुमारे १२१, १४९ आणि १७७ अंश सेल्सिअस कुठे येतात ते मोजा आणि चकतीवर खुणा करा. हे आकडे मुळात २५०, ३०० आणि ३५० फॅरनहाइटचे, बऱ्याच माहितीपुस्तकांत तसेच सापडतील. आधी १२१ ला सगळीकडे एक फेरी, तेवढ्यात सुरकुत्या जातात. मग १४९, मग १७७. साधारण १९० च्या वर गेलात की कापड सैल पडायला लागतं आणि तो ताण परत येत नाही. हीट गन वापरू नका, तिच्या झोताखाली कापड नेमकं किती तापलंय ते कळतच नाही. एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरी घेतली तर हलका पंख पिळला जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक तापमानाची फेरी दोन्ही बाजूंना मारून मगच पुढच्या तापमानाला जा. सांगाडा फारच नाजूक असेल तर किती ताणायचं हे विमानाच्या डिझायनरलाच विचारा.

चिकटवताना खालची बाजू आधी, वरची नंतर. सांगाड्यावर गोंदाचा थर देऊन वाळू द्यायचा, कापड पसरायचं, आणि वरून ताजा गोंद ब्रशने कापडातून आत दाबायचा. गोंद पटकन सुकतो, तेव्हा हात-दीड हात लांबीचेच भाग घ्या. कापड जागेवर धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम. रिबांच्या खुणा शिसपेन्सिलीनेच करा, बॉलपेनची शाई रंगाच्या सगळ्या थरांतून वर येते.

आता टाके. वरच्या पृष्ठभागावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे उडताना कापड रिबांपासून वर ओढलं जातं. नुसत्या गोंदावर हा भार सोडायचा नसतो. ताणून झाल्यावर पहिला लेप ब्रशने द्यायचा, तो वाळला की रिबवर मजबुतीची पट्टी ठेवायची आणि लांब सुईने दोरा पंखाच्या आरपार घेऊन प्रत्येक टाक्याला गाठ मारायची. ही सुधारित सेन गाठ (modified seine knot), मासेमारीच्या जाळ्याच्या गाठीची बहीण. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावरून ठरतं आणि प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या भागात ते कमी असतं. आकडा मूळ आराखड्यातूनच घ्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाक्यांजवळ ते अंतर निम्मं ठेवतात. गाठ पट्टीच्या कडेला बसली पाहिजे, मधोमध उंचवटा नको. या कामाला दोन माणसं हवीत, एक वर आणि एक खाली. सुई परत कुठून येणार हे दोघांना न बोलता कळायला लागलं की काम वेग घेतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच टप्पा.

टाक्यांवर दातेरी कडेची टेप, मग लेपाचे थर. यात ॲल्युमिनियमच्या रंगकणांचा थर वजन वाचवायला म्हणून कधीही पातळ करू नका. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कुजतं आणि त्याला वाचवणारा थर हाच. पंखाच्या आत दिवा धरून बाहेरून पाहा; कापडातून उजेड दिसला तर अजून एक थर हवा. एकाच कंपनीची पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. या पद्धतीचा गोंद, त्या पद्धतीचा लेप असं मिश्रण काही वर्षांनी सोलून निघू शकतं, आणि त्याची चाचणी कुणी घेतलेली नसते.

द्रावणांच्या वाफा विषारी आणि ज्वलनशील असतात. योग्य फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा यांशिवाय डबा उघडायचा नाही. कोरडं पॉलिएस्टर पुसताना स्थिर वीज तयार होते, म्हणून सांगाडा वायरने जमिनीला जोडून ठेवा.

पाणी निघून जायची छिद्रं प्रत्येक कप्प्याच्या खालच्या बाजूला, ट्रेलिंग एजजवळ (पंखाच्या मागच्या कडेजवळ) येतात. त्यांना मजबुती देणाऱ्या गोल कड्या लेपांसोबतच चिकटवायच्या, पण भोकं रंग पूर्ण वाळल्यावर पाडायची. तपासणीच्या झरोक्यांचंही तसंच, कड्या सगळ्या बसवा आणि कापड गरज पडेल तिथलंच कापा.