इंदूरात राहून मानवी तस्करीविरुद्ध आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत काम करायचंय? मग हे वाचा

गेल्या काही दिवसांत तिघी-चौघींनी विचारलं की ताई तुम्ही ते यूएनचं (संयुक्त राष्ट्रसंघाचं) काय करता, आम्हाला पण करायचंय, कुठे नाव द्यायचं. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. मी रामबागेतल्या घरात बसून, संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की लॅपटॉप उघडून भाषांतराचं काम करते, बस, एवढंच, पण हे एवढंच लागतं त्यांना.

कुठलीही जबाबदार संस्था नव्या माणसाला छाप्याला नेत नाही. सुटकेचं काम पोलिसांचं, त्यांच्या मानवी तस्करीविरोधी युनिटचं, रेल्वेत आरपीएफचं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं. व्हॉलंटिअरकडून हवं असतं ते भाषांतर, पोस्टर डिझाइन, व्हिडिओची सबटायटल्स, कायद्यांचा रिसर्च, एक्सेलमधली माहिती नीट लावणं, वेबसाइट सांभाळणं. जी संस्था पहिल्याच फोनवर रेस्क्यूला चला म्हणते तिच्यापासून लांबच राहा, कारण तिथे कच्च्या माणसाच्या चुकीचे परिणाम जिला सोडवायचं त्या मुलीला भोगावे लागतात.

आता नाव कुठे द्यायचं. सगळ्यात सरळ रस्ता यूएन व्हॉलंटिअर्सचा, म्हणजे यूएनव्ही, १९७० मध्ये सुरू झालेली, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. त्यांच्या प्लॅटफॉर्मवर आपलं प्रोफाइल करायचं, वय १८ पूर्ण पाहिजे. ऑनलाइन काम आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि १२ आठवड्यांपर्यंत असतं, त्याचे पैसे मिळत नाहीत. प्रत्यक्ष जाऊन करायची कामं वेगळी, त्यात राहण्या-खाण्याचा भत्ता असतो पण शिक्षण आणि अनुभव बघतात. तस्करीचा विषय यूएनमध्ये मुख्यतः यूएनओडीसीकडे आहे, अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविरुद्ध काम करणारी व्हिएन्नाची संस्था, तिचं दक्षिण आशियाचं ऑफिस दिल्लीत आहे. दुसरी आयओएम, जिनिव्हाची, स्थलांतर करणाऱ्यांसाठी काम करते. कॉलेजातल्या मुलांनी इंटर्नशिपकडेही बघावं, बऱ्याचदा बिनपगारी असते पण शिकायला खूप मिळतं.

प्रोफाइलमध्ये भाषेचा कॉलम असतो ना, तिथे आपली मुलं हिंदी-इंग्लिश लिहून मोकळी होतात. अहो, मराठी लिहा! घरात मराठी, बाहेर पडलं की हिंदी, आपण लहानपणापासून दोन्हीत विचार करतो, ही केवढी जमेची बाजू आहे. आणि सामाजिक कार्याची आवड वगैरे लिहून काही होत नाही, नेमकं काय येतं ते लिहा, टॅली येतं, कॅन्व्हा येतं, एलएलबी झालंय, रोज दीड तास देऊ शकते, असं.

अर्ज करायच्या आधी विषय समजून घ्या, त्यात घाई नको. तस्करी म्हणजे सीमेपलीकडे नेणं असा सगळ्यांचा समज असतो, पण सीमा ओलांडायची गरजच नाही, एकाच शहरात दोन मोहल्ल्यांमध्ये पण होते. २००० सालचा यूएनचा पालेर्मो प्रोटोकॉल आहे, म्हणजे तस्करीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने तो २०११ मध्ये मान्य केला, त्यात तीन गोष्टी बघतात: काय केलं (नेलं, ठेवलं, सोपवलं), कसं केलं (धाक, फसवणूक, लाचारीचा फायदा) आणि कशासाठी केलं (शोषणासाठी). आणि १८ च्या आतलं मूल असेल तर "कसं" हा प्रश्न विचारायचाच नाही, नेलं आणि शोषणासाठी नेलं, एवढं पुरे. ती तर स्वतःच्या मर्जीने गेली होती, हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज बोललं जातं! फसवून, धाक दाखवून मिळवलेल्या होकाराला तिथे काही अर्थ नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागू आहे, त्याआधी आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) ३७० होतं. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा. हे चार-पाच कायदे वाचून ठेवा, एका रविवारचं काम आहे.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मजकुरात ट्रॅफिकिंगचं "मानवी वाहतूक" केलेलं होतं, मशीनने केलेलं असणार. खेड्यातल्या बाईच्या हातात तो कागद पडला असता तर तिला वाटलं असतं जीपमध्ये किती माणसं बसवायची त्याचे नियम आहेत. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत कलम २३ ला "अपव्यापार" हा शब्द आहे, अचूक आहे, पण बोलण्यातला नाही. मी वर एकदा मानवी तस्करी लिहिते आणि खाली लगेच साध्या भाषेत "कामाचं, लग्नाचं आमिष दाखवून नेणं आणि मग सोडूनच न देणं". ज्याच्यासाठी लिहितोय त्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे, मी यावर भांडते सुद्धा.

पैशांचं बघा. यूएनव्ही कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही. माझ्या भाचीला मात्र एकांनी परदेशात अनाथाश्रमात सेवा करायला बोलावलं होतं, रजिस्ट्रेशनचे पैसे, सर्टिफिकेट, सोबत मुलांना कडेवर घेतलेले फोटो. मी तिला जाऊ दिलं नाही. नेपाळ आणि कंबोडियात हे उघडकीला आलंय की पैसे देणारे पाहुणे येतात म्हणून आईबाप जिवंत असलेली मुलं आणून अशा ठिकाणी ठेवतात, म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढायला निघालो त्यालाच आपण पैसे पुरवायचे. चांगली संस्था उलट तुम्हालाच तपासते, पोलीस व्हेरिफिकेशन मागते, बालसुरक्षेच्या नियमांवर सही घेते, मुलांजवळ एकटं सोडत नाही. इतके प्रश्न का विचारतात म्हणून रागावू नका, आपलं मूल तिथे असतं तर आपण पण हेच मागितलं असतं.

आणि इथलं पण बघा हो. झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात, सगळेच काही तस्करीत सापडत नाहीत, पण उचल घेऊन गेलेला माणूस कधी अडकतो हे त्याचं त्याला कळत नाही. हे इंदूरच्या माणसाला जितकं माहीत असतं तितकं जिनिव्हात बसलेल्याला नसतं, म्हणून इथल्या संस्थेत सहा महिने काम करून मग अर्ज केलात तर तुमच्या शब्दाला वजन येतं. कैलाश सत्यार्थी आपल्याच विदिशाचे, १९८० पासून बालमजुरीविरुद्ध काम करत होते, शांततेचं नोबेल २०१४ मध्ये मिळालं.

या कामात तस्करीत सापडलेल्यांच्या जबान्या वाचून त्रास होतो, झोप उडते. मी रात्री दहानंतर फाइल उघडत नाही आणि कोऑर्डिनेटरला सांगून दुसरं काम मागून घेते, त्यात लाज नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीय, ती तुमच्याकडून होऊ नये. स्टेशनवर एका माणसासोबत चार मुलं बसलेली दिसली, चौघांच्या पायात एकसारख्या कोऱ्या निळ्या चपला, आणि मुलं त्याच्याकडे बघून मगच पाण्याच्या बाटलीला हात लावत होती. मी मोबाइल काढून फोटो घेतला. आरपीएफची बाई कॉन्स्टेबल आली आणि हळूच म्हणाली, मॅडम फोटो मत लीजिए, वो उठकर चला जाएगा. खरंच तो उठायच्या बेतात होता. शिवाय अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, फोटो ग्रुपवर टाकणं म्हणजे तेच. तेव्हा असं काही दिसलं तर जवळ जाऊ नका, जाब विचारू नका, मुलांसाठी १०९८, कुठल्याही तातडीला ११२, रेल्वेत असाल तर १३९ लावा. प्लॅटफॉर्म नंबर, गाडीचं नाव, कोच, मुलं किती, अंदाजे वय, कपड्यांचा रंग, मोठ्या माणसाची बोली कुठली वाटली, हे सांगा, आणि कोणी येईपर्यंत चहाच्या स्टॉलपाशी उभं राहून नजर ठेवा.